माळरानाचे रंग लोकरीत: टोपी आणि मफलरची जोडी

सोलापूरहून बार्शीच्या रस्त्याला लागलं की वीसेक किलोमीटरवर नान्नज येतं आणि दोन्ही बाजूंना माळ पसरलेला दिसतो. दिवाळीनंतर तिथून जाणाऱ्या बहुतेकांना तो नुसता वाळलेला, उजाड वाटतो. पण लोकर हातात धरणाऱ्या माणसाने तिथे दहा मिनिटं थांबून बघावं. वाळल्या गवताचा फिकट सोनेरी रंग सगळीकडे, मधूनच उघडा पडलेला तांबूस मुरूम, नांगरलेल्या शेताची काळी पट्टी, हिवर-बाभळीचा धुरकट हिरवा पाला, गवताच्या तुऱ्यांवरची जांभळट झाक आणि कुठेतरी एखाद्या तरवडाचा ठसठशीत पिवळा. सहा रंग झाले. जोडी विणायला एवढे पुष्कळ आहेत.

आता मांडणी. ती मी माळढोकाकडून घेतली आहे. नान्नजच्या माळावर 1979 मध्ये ज्याच्यासाठी अभयारण्य झालं, त्या पक्ष्याच्या डोक्यावर काळी टोपी असते, मान फिकट पांढुरकी, पाठ तपकिरी आणि नराच्या छातीवर एक काळा आडवा पट्टा. टोपी गडद, मफलर फिकट आणि त्याच्या दोन्ही टोकांजवळ एकेक गडद पट्टा, असं आपल्या जोडीचं रूप इथूनच आलं. आज हा पक्षी दिसणं फार दुर्मीळ झालं आहे आणि माळाला पडीक जमीन म्हणायची आपली सवय अजून गेलेली नाही. गवताळ माळ म्हणजे रिकामी जागा नव्हे. काळवीट, लांडगा, खोकड, धाविक, चंडोल हे सगळे त्याच गवतावर जगतात. हे सांगितल्याशिवाय त्या रंगांवर हक्क सांगणं मला बरोबर वाटत नाही.

जोडी विणताना बहुतेक जण टोपीचेच पट्टे तसेच्या तसे मफलरवर उतरवतात. ते मला पटत नाही. गळ्याभोवती आणि डोक्यावर एकच नक्षी आली की माणूस गणवेशात दिसतो. रंग तेच ठेवायचे, प्रमाण बदलायचं. माळाचाही न्याय तोच: तरवडाचा पिवळा सुंदर दिसतो, कारण तो थोडा असतो.

रंग निवडणे

शक्य असेल तर सकाळी आठ-साडेआठच्या आत किंवा संध्याकाळी उन्हं कलल्यावर माळाचा फोटो घ्या. भर दुपारी सोलापूरचं ऊन सगळे रंग खाऊन टाकतं आणि फोटोत नुसता पांढुरका पिवळा उरतो. अभयारण्यात परवानगीशिवाय आत शिरू नका, रस्त्याच्या कडेने काढलेला फोटो पुरतो. गावाजवळचं गायरानही चालेल. मग तो फोटो मोबाइलवर अगदी लहान करा, डोळे किलकिले करून बघा. बारीकसारीक तपशील जातो आणि रंगांचे पट्टे उरतात. कोणता रंग किती आहे, हे तेव्हाच नीट कळतं.

फोटो घेऊन दुकानात जा. सोलापुरात नवी पेठेत किंवा जिथे तुमची नेहमीची लोकर मिळते तिथे, पण गुंडे दाराबाहेर आणून उजेडात बघा. ट्यूबलाइटखाली मुरमाचा तांबूस आणि तुऱ्यांचा जांभळट एकमेकांत मिसळून जातात. घरी आल्यावर हीच अडचण उन्हात कळून उपयोग नसतो.

आणखी एक चाचणी करा. सहाही गुंडे शेजारी ठेवून फोटो काढा आणि तो काळा-पांढरा करा. काळी माती सगळ्यांत गडद, गवत सगळ्यांत फिकट आणि बाकीचे चार मधल्या करड्यात दिसले पाहिजेत. मुरूम आणि हिरवा अगदी एकाच करड्यात आले, तर दोघांपैकी एक जरा गडद घ्या. नाहीतर ते दोन पट्टे शेजारी आल्यावर लांबून एकच दिसतील.

शेवटी जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद घ्या आणि त्यावर ओळींच्या हिशेबाने लोकर गुंडाळून बघा: दोन ओळींना एक वेढा. मफलरच्या टोकाचा सगळा क्रम तीन-चार इंचांत समोर येतो. जिथे डोळा अडखळेल तिथे आत्ताच बदल करा. सुईवर चढल्यावर उसवण्यापेक्षा हे सोपं.

लोकर किती आणि कोणती

ज्या लोकरीच्या वेष्टनावर 4 मिमी सुई लिहिलेली असते ती घ्या. आपल्याकडे ही 8 नंबरची सुई. प्रौढ माणसाच्या टोपीला 85 ग्रॅमच्या आसपास आणि 160 सेंटिमीटर लांबीच्या मफलरला सुमारे 180 ग्रॅम लोकर लागते. खरेदी मात्र रंगानुसार करायची: गवताचा रंग 200 ग्रॅम, काळी माती 100, मुरूम 50, आणि हिरवा, जांभळट व तरवड प्रत्येकी 25 ग्रॅम. तरवड त्यातलाही थोडाच लागेल, पण त्याहून लहान गुंडा सहसा मिळत नाही. गवताचे सगळे गुंडे एकाच लॉटचे, म्हणजे एकाच वेळी रंगवलेले, आहेत ना, हे वेष्टनावरचा लॉट नंबर वाचून तपासा. दोन लॉटमधला फरक गुंड्यात कळत नाही, मफलरच्या मध्यावर मात्र सरळ रेघ उमटते.

काळी माती म्हणून निव्वळ काळा रंग घेऊ नका. आपली काळी जमीनही उन्हात करडी-तपकिरी दिसते. अगदी गडद कॉफी किंवा गडद करडा घेतला की तो बाकीच्या रंगांशी जुळतो, काळा नुसता तुटक दिसतो.

ऍक्रिलिक की खरी लोकर? सोलापूरच्या थंडीला ऍक्रिलिक पुरेसं आहे. पहाटे गारठा असतो, दुपारी तर टोपी पिशवीत जाते. ज्यांना खरी लोकर आवडते त्यांनी मऊ मेरिनो मिश्रण घ्यावं. घोंगडीची दख्खनी मेंढीची लोकर माळाची खरी लोकर आहे आणि तिचा नैसर्गिक काळा रंग कुठल्याही रंगाऱ्याला जमणार नाही, पण ती भरड असते. मानेला आणि कपाळाला टोचते. तिचा मान घोंगडीतच राहू द्या.

सोलापुरात टॉवेल-चादरींचं सुती सूत सहज मिळतं, तेव्हा तेच वापरण्याचा मोह होतो. मफलरला सूत चालेल, टोपीला नको. सुताला लोकरीसारखा ताण नसतो. बॉर्डर एकदा सैल झाली की पुन्हा आकसत नाही आणि टोपी चार दिवसांत भुवयांवर येते.

बाकी साहित्य थोडंच आहे: 8 नंबरच्या दोन लांब सरळ सुया, बॉर्डरसाठी 10 नंबरच्या म्हणजे 3.25 मिमीच्या दोन, बोथट टोकाची मोठी शिवणसुई, मोजपट्टी, कात्री आणि दशांसाठी एक क्रोशाची सुई.

आधी नमुना

8 नंबरच्या सुईवर गवताच्या रंगाने 30 टाके घाला. एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशा 36 ओळी विणा आणि तुकडा ओला करून, वाळवून मगच मोजा. मधल्या 10 सेंटिमीटरमध्ये 22 टाके आणि 28 ओळी आल्या पाहिजेत. कडेचे टाके मोजू नका, ते नेहमी ओढलेले असतात.

हा तुकडा टाळणाऱ्यांना एवढंच सांगते: आपली टोपी 110 टाक्यांची आहे. 22 टाके आले तर ती 50 सेंटिमीटर होते आणि 56 सेंटिमीटरच्या डोक्यावर छान बसते. 24 टाके आले तर ती 46 च्या आत येते, 20 आले तर 55 होते. दोन टाक्यांचा फरक म्हणजे चार-पाच सेंटिमीटर. 24 आले तर 7 नंबरची सुई घ्या, 20 आले तर 9 नंबरची. हात बदलायचा प्रयत्न करू नका. चार ओळी नेटाने घट्ट विणाल, पाचव्या ओळीत गप्पा सुरू झाल्या की हात मूळपदावर येतो.

टोपी: बॉर्डर

ही टोपी सरळ सुयांवर सपाट विणून मागे शिवायची आहे. गोल सुई सगळ्यांकडे नसते आणि पट्टे बदलायला सपाट विणकामच सोयीचं.

10 नंबरच्या दोन सुया एकत्र धरून त्यांच्यावर गवताच्या रंगाने 110 टाके घाला, मग एक सुई काढून घ्या. असे घातलेले टाके सैल राहतात आणि कपाळावर वळ उठत नाही. सुरुवातीला सव्वादोन मीटर दोरा सोडा, म्हणजे शेवटच्या दहा टाक्यांना कमी पडणार नाही.

पहिली ओळ: 2 सुलट, मग 2 उलट 2 सुलट असं शेवटपर्यंत. दुसरी ओळ: 2 उलट, मग 2 सुलट 2 उलट शेवटपर्यंत. म्हणजे पहिली ओळ सुलटाने सुरू होऊन सुलटाने संपते. हे मुद्दाम आहे. शिवणीत दोन्ही कडांचा एकेक टाका आत जातो, बाहेर दोन सुलट शेजारी उरतात आणि बॉर्डर सलग दिसते.

अशा 16 ओळी गवताच्या रंगात, नंतरच्या 16 ओळी काळ्या मातीच्या रंगात. एकूण साधारण 10 सेंटिमीटर. बॉर्डर दुमडून वर येणार असल्याने पहिला भाग बाहेर दिसतो आणि दुसरा कपाळाला लागतो. तेल आणि घाम त्याच भागावर बसतो, म्हणून गडद रंग तिथे. दोन रंगांची सांध नेमकी घडीवर येते, त्यामुळे उलट टाक्यांवर उमटणारे दुरंगी ठिपकेही फारसे दिसत नाहीत.

टोपी: पट्टे

आता 8 नंबरच्या सुया घ्या. सुलट बाजूला सुलट ओळ, मागच्या बाजूला उलट ओळ, अशा 28 ओळी या क्रमाने विणा:

मुरूम 6
गवत 4
हिरवा 4
तरवड 2
गवत 2
मुरूम 4
जांभळट 6

सगळे आकडे सम आहेत, त्यामुळे रंग नेहमी एकाच कडेला बदलतो आणि सगळी टोकं शिवणीच्या एकाच बाजूला येतात. जो रंग चार ओळींच्या आत परत लागणार आहे तो तोडू नका. कडेला चालू दोऱ्याशी एक पीळ देऊन वर न्या. त्याहून लांबचा असेल तर बोटभर नव्हे, चांगलं वीतभर टोक सोडून कापा. आखूड टोक लपवता येत नाही, धुतल्यावर बाहेर येतं.

टोपी: माथा

इथून शेवटपर्यंत सगळं काळ्या मातीच्या रंगात. 110 टाक्यांतला पहिला आणि शेवटचा शिवणीचा. मधले 108 म्हणजे 12 टाक्यांचे 9 भाग.

पहिली ओळ: 1 सुलट, मग 10 सुलट आणि 2 टाके एकत्र सुलट असं 9 वेळा, शेवटी 1 सुलट. सुईवर 101 टाके राहिले पाहिजेत. दुसरी ओळ पूर्ण उलट. तिसऱ्या ओळीत 10 ऐवजी 9 सुलट आणि 2 एकत्र, पाचवीत 8 सुलट, सातवीत 7. असं दर सुलट ओळीला मधला आकडा एकाने कमी करत जा, मागची ओळ नेहमी साधी उलट. दर वेळी 9 टाके कमी होतात: 101, 92, 83, 74, 65, 56, 47, 38, 29 आणि शेवटी 20. हे आकडे कागदावर लिहून शेजारी ठेवा आणि प्रत्येक कमी केलेल्या ओळीनंतर मोजा. एखादा भाग चुकला तर तो लगेच सापडतो. तीन ओळींनंतर शोधायला गेलात तर माथ्याची नऊ पाती वाकडी झालेली असतात.

20 टाक्यांवर एक उलट ओळ झाली की पुढच्या ओळीत दोन-दोन टाके एकत्र विणा. 10 उरतील. साधारण 60 सेंटिमीटर दोरा ठेवून कापा, शिवणसुईत ओवा, दहाही टाक्यांतून दोनदा फिरवा आणि घट्ट ओढा. एकदाच फिरवलेला दोरा वापरून वापरून सैल होतो आणि माथ्यावर भोक पडतं.

लहान मुलासाठी 98 टाके घ्या, 8 भाग होतील. मोठ्या डोक्यासाठी 122, 10 भाग. दोन्ही आकड्यांत बॉर्डर बरोबर जुळते आणि माथ्याची कृती तीच राहते. मुलाच्या टोपीत मधल्या पट्ट्यांतून शेवटच्या मुरमाच्या 4 ओळी गाळल्या तरी चालतात. माथ्यावर गोंडा लावायचा का? या टोपीला नको. वरचा गडद रंग सपाट आणि शांत राहण्यातच तिचं रूप आहे.

शिवण

शिवण समोरून घालायची. टोपीच्या दोन्ही कडा सुलट बाजू वर ठेवून शेजारी मांडा. कडेचा टाका आणि त्याच्या आतला टाका हलक्या हाताने अलग केले की मध्ये छोट्या आडव्या कड्या शिडीच्या पायऱ्यांसारख्या दिसतात. एक कडी इकडची, एक कडी तिकडची अशी सुई घाला आणि दर चार-पाच कड्यांनंतर दोरा ओढा. कडा आपोआप आत वळतात. पट्टे समोर दिसत असल्याने मुरमाला मुरूम आणि गवताला गवत नेमकं भेटतं. माथ्याकडून खाली या, काळ्या रंगाचा उरलेला दोराच त्यासाठी वापरा. खालच्या गवताच्या भागासाठी सुरुवातीचं टोक घ्या.

बॉर्डरच्या शेवटच्या 5 सेंटिमीटरला थांबा. हा भाग दुमडून बाहेर येणार आहे, म्हणजे त्याची आतली बाजू लोकांना दिसणार आहे. तेव्हा तुकडा उलटा करून तेवढी शिवण दुसऱ्या बाजूने घाला. एवढ्याशा गोष्टीने टोपी दुकानातल्यासारखी नीट दिसते, आणि बऱ्याच हातच्या टोप्यांत नेमकं हेच राहून जातं.

मफलर

सुलट-उलट ओळींचं साधं विणकाम मफलरला घेऊ नका. कडा आत गुंडाळतात, कितीही इस्त्रीने सरळ करा. मफलरसाठी दाणेदार वीण घ्यायची. ती दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, सपाट राहते आणि रंग बदलताना दोन रंगांचे दाणे एकमेकांत घुसतात. गवत आणि मुरमाची सीमा माळावरही अशीच विस्कटलेली असते, सरळ रेघ नसते.

8 नंबरच्या सुईवर मुरमाच्या रंगाने 45 टाके घाला. प्रत्येक ओळ एकच: 1 सुलट, मग 1 उलट 1 सुलट शेवटपर्यंत. टाके विषम असल्याने प्रत्येक ओळ सुलटाने सुरू होते आणि सुलटाने संपते. मध्येच गोंधळलात तर समोर बघा. दाणा दिसला की सुलट, सपाट टाका दिसला की उलट. सुलटावरून उलटाकडे जाताना दोरा दोन सुयांच्या मधून पुढे आणायचा, सुईवरून नाही. सुईवरून आला तर जास्तीचा टाका तयार होतो, म्हणून प्रत्येक रंग बदलताना 45 मोजून घ्या. रुंदी 20-21 सेंटिमीटर येईल.

पहिलं टोक असं:

मुरूम 16
हिरवा 6
मुरूम 4
जांभळट 10
गवत 8
तरवड 2
गवत 12
हिरवा 10
गवत 10
काळी माती 14

या 92 ओळी झाल्या. दाणेदार विणीच्या 10 सेंटिमीटरला साधारण 36 ओळी बसतात, म्हणजे टोक पंचवीसेक सेंटिमीटरचं. शेवटचा काळा पट्टा हा माळढोक नराच्या छातीवरचा. तो टोकाशी अगदी कडेला न ठेवता आत घेतला आहे, म्हणजे मफलर गळ्यात घेतला की तो छातीवर येतो.

पुढे मधला भाग, 392 ओळी, जवळजवळ सगळा गवताच्या रंगात. इथे बरेच जण कंटाळतात आणि पट्टे वाढवतात. वाढवू नका. ही मोकळी जागाच टोकांना उठाव देते. फक्त अधूनमधून दोन ओळी मुरूम किंवा दोन ओळी हिरवा येऊ द्या, अंतर मुद्दाम कमी-जास्त ठेवून: एकदा चाळीस ओळींनी, एकदा सत्तर, एकदा तीस. कुठेतरी एकदाच दोन ओळी तरवड. या बारीक रेघा दोन्ही अर्ध्या भागांत सारख्या आल्या नाहीत तर उत्तम. नंतर दुसरं टोक पहिल्याच्या उलट क्रमाने, काळ्या मातीपासून मुरमापर्यंत, आणि टाके विणीप्रमाणेच सुलट-उलट विणत सैल बंद करा.

एकूण लांबी 160 सेंटिमीटर. सकाळी दुचाकीवरून कामाला जाणाऱ्यांसाठी मधल्या भागातल्या 72 ओळी कमी केल्या की 140 होते. त्यांनी दशाही लावू नयेत, आणि मफलरची टोकं नेहमी जॅकेटच्या आत खोचावीत. चाकात अडकलेला मफलर जीवावर बेततो. टोपी जाड आहे, तीही हेल्मेटखाली घालू नका.

दोऱ्यांची टोकं रोजच्या रोज लपवा. शिवणसुईत ओवून त्याच रंगाच्या दाण्यांखालून तिरकं पाच-सहा सेंटिमीटर न्या, मग दिशा बदलून दोन सेंटिमीटर मागे या. शेवटी सगळी एकदम करू म्हटलं की मफलर महिनाभर कपाटात पडून राहतो.

रंग मिसळण्याची दुसरी तऱ्हा

ज्यांना पट्टेच नको असतील त्यांच्यासाठी. स्कॉटलंडमधल्या उंच मूरलँडवर, म्हणजे तिथल्या झुडपी माळावर, ऑगस्ट-सप्टेंबरात हेदरची बुटकी झुडपं जांभळी फुलतात आणि तिथले विणकर त्या रंगांचं कापड पिढ्यान्‌पिढ्या विणत आले आहेत. हॅरिस ट्वीड या तिथल्या लोकरी कापडाचं गमक असं की लोकर आधी रंगवतात, वेगवेगळ्या रंगांचे तंतू एकत्र पिंजतात आणि मग सूत कातलं जातं. लांबून तपकिरी दिसणाऱ्या कापडात जवळून हिरवा, जांभळा, केशरी असं सगळं सापडतं. ते कापड स्कॉटलंडच्या आउटर हेब्रिडीज बेटांवरच्या लोकांनी आपल्या घरी हातमागावर विणलेलं असावं लागतं, तसा 1993 चा कायदाच आहे. हातमागाचं मोल सोलापूरकरांना कोणी समजवायला नको.

घरी आपण पिंजू शकत नाही, पण दोन बारीक पदरांची लोकर एकत्र धरून विणू शकतो. लहान मुलांच्या स्वेटरची बारीक लोकर घ्या, गवताचा एक पदर आणि मुरमाचा एक. काही अंतराने मुरमाचा पदर तोडून हिरवा जोडा, मग जांभळट. गवत कायम राहतं आणि दुसरा रंग हळूच बदलतो. दोन पदर मिळून 8 नंबरच्या सुईला जाड वाटले तर 6 नंबरची, म्हणजे 5 मिमीची सुई घ्या आणि नमुना नव्याने मोजा. टाक्यांचे आकडे त्याप्रमाणे बदलतील.

दशा

माळावरून चालून आलेल्या प्रत्येकाने पायमोज्यांतून कुसळं काढलेली असतात. एक कुसळ नीट बघा. त्याची गडद तपकिरी शेपटी दोरीसारखी पिळलेली असते. ओल लागली की तो पीळ उलगडतो, वाळली की पुन्हा बसतो, आणि त्या फिरण्यातून बी जमिनीत शिरतं. शेजारशेजारच्या शेपट्या एकमेकींत गुंततात, तेव्हा गवताच्या शेंड्याशी पिळलेले झुपके तयार होतात. मफलरच्या दशा आपण तशाच करायच्या.

मुरूम आणि काळी माती यांचे 30 सेंटिमीटरचे तुकडे कापा, एका टोकाला प्रत्येकी 15. दर तिसऱ्या टाक्यात एक, अशा 15 दशा होतात. एका दशेला दोन्ही रंगांचा एकेक तुकडा एकत्र धरून मधोमध दुमडा. क्रोशाची सुई मफलरच्या कडेतून घालून दुमडलेला फास ओढून घ्या आणि चारही टोकं त्या फासातून काढून घट्ट करा. आता चार पदर लोंबतील. दोन डाव्या हातात, दोन उजव्या हातात घ्या आणि दोन्ही जोड्यांना एकाच दिशेने, उजवीकडे, पीळ द्या. त्यांना आपणहून वळावंसं वाटू लागेपर्यंत द्या. मग दोन्ही जोड्या एकमेकींवर डावीकडे गुंडाळा आणि शेवटी गाठ मारा. उलट दिशेच्या पिळामुळेच दशा उलगडत नाही. दोन्ही वेळा एकाच दिशेने पिळली तर हात सोडताच ती सुटते. गाठी सगळ्या एका रेषेत याव्यात म्हणून मफलर टेबलावर पसरून वर एक जड पुस्तक ठेवा.

धुणे आणि ठेवणे

ऍक्रिलिक जोडी थंड पाण्यात सौम्य साबणाने हाताने धुवा. खऱ्या लोकरीला रिठ्याचं पाणी उत्तम: रिठे रात्री भिजवून, कुस्करून, गाळून घ्यायचे. पाणी कोमटच्या वर जाऊ देऊ नका आणि चोळू नका, लोकर आटून घट्ट होते. पिळायचं नाही. जाडसर सोलापुरी टॉवेल पसरा, त्यावर मफलर ठेवून गुंडाळी करा आणि दाबा, पाणी टॉवेल ओढून घेतो. मग दुसऱ्या कोरड्या टॉवेलवर सावलीत आडवा पसरून हाताने कडा सरळ करा. दोरीवर टांगला तर पाण्याच्या वजनाने मफलर लांब आणि अरुंद होतो. टोपी एखाद्या उपड्या वाडग्यावर वाळवा, माथा गोल राहतो.

ऍक्रिलिकला इस्त्री लावूच नका. दाणे सपाट होतात ते कायमचे. उन्हाळा लागला की जोडी धुऊन, पूर्ण वाळवून, घडी घालून सुती कापडात बांधा. खरी लोकर असेल तर आत कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवा आणि पावसाळ्यात एकदा उघडून हवा दाखवा.